निरोप ग्रुपवर होता: बेलापूरच्या एका क्लिअरिंग ऑफिसातलं प्रकरण

पार्श्वभूमी

खाली झेरॉक्सवाला आणि वर कस्टम ब्रोकर, अशा इमारती सीबीडी बेलापूरमध्ये कितीतरी आहेत. १९८९ साली न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं, कंटेनरचं काम खाडीच्या या बाजूला सरकलं आणि त्याच्यामागोमाग कस्टम्सचे कागद करून देणारी क्लिअरिंगची ऑफिसंही आली. हे प्रकरण त्यांतल्याच एका नऊ माणसांच्या ऑफिसातलं आहे. काम मुख्यतः निर्यातीचं. रबाळे, महापे, तळोजा इथल्या कारखान्यांत भरलेले कंटेनर वेळेत बंदरात पोचवायचे. एका शनिवारी त्यांतला एक राहून गेला. ऑफिसचे मालक, म्हणजे शेठ, यांच्या ओळखीने मी त्यानंतरच्या बैठकांना बसलो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि माणसांना त्यांच्या कामावरूनच हाक मारली आहे.

डॉक्युमेंटेशनच्या ताई शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद, भरताना मोबाइल पालथा ठेवतात. मालाच्या वर्गवारीच्या कोडमध्ये एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी पार्टीचा, म्हणजे माल पाठवणाऱ्या कारखान्याचा, ड्रॉबॅक (निर्यातीवर परत मिळणारं शुल्क) अडकतो, त्यामुळे या सवयीला कारण आहे. व्हॉइस नोट त्यांना मुळीच आवडत नाहीत. ऐकायला वेळ जातो, नंतर शोधायचं म्हटलं तर सापडत नाही आणि भर ऑफिसात स्पीकरवर लावायची तर कोण काय बोलेल याचा नेम नाही.

फील्डचे काका उलव्यात राहतात. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर घर आहे. सकाळी बाइकला किक मारली की ते संध्याकाळपर्यंत बंदरात. पाचही कंटेनर टर्मिनलच्या गेटवर त्यांना ओळखणारं कुणी ना कुणी असतंच. टाइप करायचं म्हणजे हेल्मेट काढा, चष्मा लावा, आणि तरी उन्हात स्क्रीन दिसत नाही. म्हणून ते बोलतात, आणि ऐसपैस बोलतात. आधी रांगेचं वर्णन, मग स्कॅनर चालू की बंद, मग कुणीतरी भेटलं होतं ते, आणि मुद्दा सगळ्यात शेवटी.

ट्रान्सपोर्ट बघणारा दादा ग्रुपवर जवळजवळ नसतोच. त्याचं सगळं खासगी चॅटवर. कारण विचारलं तर सरळ सांगतो, "ग्रुपवर टाकलं की शेठ लगेच फोन करतात, गाडी बंद कशी पडली म्हणून. आता काय सांगणार, इंजिनाला विचारा!"

कस्टमर सर्व्हिसला ऐरोलीची एक मुलगी आहे. वयाने सगळ्यांत लहान, बोटं सगळ्यांत चपळ. आलेल्या प्रत्येक मेसेजला तिचा अंगठा असतोच. वाचलं, एवढाच त्याचा अर्थ असतो. पुढचे लोक मात्र 'करते' असा घेतात.

शेठ स्वतः एकेकाळी फील्डला होते. सगळं एकाच ग्रुपवर यावं, म्हणजे ठाण्यात घरी बसूनही दिसतं, हा त्यांचा आग्रह. स्वतः मात्र ते फोन उचलून थेट ड्रायव्हरशी बोलतात.

ग्रुप यायच्या आधी ताई रोज दुपारी चारच्या सुमाराला काकांना फोन करायच्या. पाच-सात मिनिटांत दिवसभराचं सगळं बोलून व्हायचं. ग्रुप झाल्यावर तो फोन बंद पडला. कुणी ठरवून बंद केला नव्हता. सगळं ग्रुपवर दिसतंय तर फोन कशाला, असं दोघांनाही वाटलं. माझ्या मते या प्रकरणाची सुरुवात तिथे आहे. त्या शनिवारी फक्त ती उघडी पडली.

त्या शनिवारी काय झालं

रबाळ्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात कंटेनर भरून, ई-सील लावून दुपारी निघाला. जहाज रविवारचं, गेटचं कटऑफ शनिवारी रात्री १०. कटऑफनंतर टर्मिनल कंटेनर आत घेत नाही. आत जायला फॉर्म १३ लागतो. त्यात जहाज, कंटेनर, सील आणि गाडी यांचे नंबर असतात. ताईंनी तो सकाळीच करून ठेवला होता.

दोनच्या पुढे तुर्भ्याजवळ घोड्याचा क्लच गेला. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला या धंद्यात घोडा म्हणतात. दादाने तासाभरात दुसरा घोडा मिळवला आणि ट्रॉली त्याला जोडली. शनिवारच्या दुपारी, ठाणे-बेलापूर रोडवर, हे सोपं नाही. आता ट्रॉली तीच, कंटेनर तोच, पण गाडीचा नंबर वेगळा. दादाने नवा नंबर कस्टमर सर्व्हिसच्या मुलीला खासगीत पाठवला. तिने तो ग्रुपवर टाकला, "गाडी बदलली", खाली नंबर. ग्रुपवर तेव्हा ऑफिसातल्या एकाच्या मुलीच्या बारशाचे फोटो आले होते आणि अभिनंदनाची रांग लागली होती. नंबर त्या रांगेत गेला.

साडेतीनच्या सुमाराला काकांची व्हॉइस नोट आली. लांबी एक मिनिट बावन्न सेकंद. नंतर बैठकीत आम्ही ती सगळ्यांसमोर लावली. मागे ट्रेलरचा रिव्हर्स हॉर्न अखंड वाजतोय. "ताई, मी गेटला हाय. लाइन जाम लागलीय, पार रोडपर्यंत. एक स्कॅनर बंद हाय..." मग कुण्या ड्रायव्हरचं भांडण. आणि शेवटच्या वीस सेकंदांत, जाता जाता सांगावं तसं, "आन ते आपल्या जहाजाचं कटऑफ सहाला केलंय म्हणतात. बर्थ बदललाय. बघून घ्या जरा." बर्थ म्हणजे जहाज लागायची धक्क्यावरची जागा.

ताईंचा मोबाइल पालथा होता. दुसऱ्या पार्टीचं शिपिंग बिल चालू होतं. मुलीने नोटला अंगठा दिला, पण ती पूर्ण ऐकली नव्हती. पहिले काही सेकंद ऐकून रांगेचंच काहीतरी आहे असं तिला वाटलं. शेठ एका लग्नाला गेले होते.

सव्वापाचनंतर गाडी बंदराजवळ पोचली. फॉर्मवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळेना, म्हणून ती बाजूला काढली. काकांनी ताईंना फोन केला. ताईंनी फॉर्म दुरुस्त करायला घेतला. तो मंजूर होऊन ड्रायव्हरच्या हातात पडेपर्यंत सहा वाजून गेले होते. शेठांना कळलं त्यानंतर अर्ध्या तासाने.

कंटेनर शटआऊट, म्हणजे जहाजावर न चढता मागे राहिला. पुढचं जहाज आठवड्याने. ट्रेलर थांबवून ठेवल्याचं हॉल्टिंग आणि यार्डाचं भाडं हा झाला वरवरचा खर्च. खरं दुखणं एलसीचं, म्हणजे पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्राचं होतं. एलसीत शिपमेंटची शेवटची तारीख त्याच आठवड्यातली होती, आणि बँक बघते ती बिल ऑफ लेडिंग या जहाज कंपनीच्या पावतीवरची, माल जहाजावर चढल्याची तारीख. कारखान्याला परदेशातल्या खरेदीदाराकडे एलसीत दुरुस्ती मागावी लागली. ती मिळाली, पण दुरुस्तीचा खर्च आणि खरेदीदाराचा तिखट ईमेल दोन्ही कारखान्याच्या पदरी पडले.

अडचण कुठे होती

सोमवारी प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं, "मी तर कळवलं होतं." आणि प्रत्येकाचं खरं होतं. लागणारी सगळी माहिती चार वाजायच्या आत ऑफिसच्या मोबाइलमध्ये आलेली होती. नवा गाडी नंबर होता, नवं कटऑफ होतं. चुकीचं कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

वाद लगेच आवडीनिवडींवर गेला. ताई म्हणाल्या, व्हॉइस नोट टाकतात म्हणून झालं. काकांच्या बाजूने बोलणारे म्हणाले, ताई मोबाइल बघत नाहीत म्हणून झालं. मला ही दोन्ही कारणं अपुरी वाटली. बोलून सांगणं काकांच्या कामाला साजेसंच आहे, आणि मोबाइल पालथा ठेवणं ताईंच्या कामाला. प्रश्न त्या दोघांच्या मधल्या जागेचा होता. फील्डवरून आलेली गोष्ट फॉर्ममध्ये पोचेपर्यंत ती कुणाच्या हातात असते? या ऑफिसात उत्तर होतं, ग्रुपच्या. आणि ग्रुपला हात नसतात.

शनिवारी आणखी एक गोष्ट हुकली, तिच्याकडे बैठकीत फारसं कुणी लक्ष दिलं नाही. सव्वापाच ते सहा या वेळात शिपिंग लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला, फोन करून लेट गेटची (कटऑफनंतर आत घेण्याची) विनंती करता आली असती. मिळाली असती असं नाही, पण मागायची असते. असं बोलणं शेठ करतात, आणि शेठांना त्या वेळेत कुणी फोनच केला नाही. काका आणि ताई फॉर्मच्या मागे लागले होते. मुलीला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसांच्या मध्ये आपण शेठांना कसा फोन करायचा. दादा ड्रायव्हरशी बोलत होता.

समोर आलेले पर्याय

पहिला ताईंचा: व्हॉइस नोट बंद, सगळ्यांनी लिहूनच कळवायचं. दुसरा शेठांच्या पुतण्याचा. त्याने नुकतंच एमबीए केलं होतं. ब्रिटनच्या मेरेडिथ बेल्बिन यांनी टीममधल्या नऊ भूमिका मांडल्या आहेत, त्याची प्रश्नावली सगळ्यांकडून भरून घ्यावी, असं तो म्हणाला. कल्पना वाईट नव्हती, पण कोण कल्पना काढणारा आणि कोण तडीस नेणारा हे कळून गाडीचा नंबर कुणी लिहायचा हे ठरत नाही. तिसरा, ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं. शेठांनी भाव विचारला आणि विषय मिटला. चौथा, प्रत्येक कंटेनरचा वेगळा ग्रुप. महिन्याला किती ग्रुप होतील याचा हिशोब मुलीने तोंडी केला आणि सगळे हसले.

पाचवा पर्याय त्या दिवशी अर्धवटच बोलला गेला. रोज एकाने फक्त निरोप घ्यायचे आणि नोंदवायचे. "त्यासाठी माणूस कुठून आणू?" असं शेठ म्हणाले आणि तो तिथेच राहिला.

निवड झाली पहिल्या पर्यायाची. शिस्त लावल्यासारखं दिसतं आणि खर्च शून्य. बैठक सकाळी साडेदहाला होती. त्या वेळी काका बंदरात होते, निर्णय त्यांना ग्रुपवरून कळला.

पहिला निर्णय कसा फसला

व्हॉइस नोट बंद झाल्या. काका लिहू लागले. "गेट इन." "ओके." "होल्ड." दिवसाला पाच-सहा शब्द. ताईंना पहिले काही दिवस फार बरं वाटलं.

मग एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. कोणत्या गेटला रांग आहे ते कळेना, त्यामुळे दादाच्या गाड्या नको त्या वेळी निघून रांगेत अडकू लागल्या. स्कॅनर बंद असल्याचं पार्टीला आधी सांगता येईना. एका फाइलवर "होल्ड" एवढंच आलं. होल्ड कस्टम्सचा की लाइनचा, कशासाठी, काहीच नाही. ताईंनी काकांना तीन वेळा फोन केला तेव्हा कळलं, की लाइनला वजनाचं प्रमाणपत्र पोचलेलं नव्हतं. २०१६ च्या जुलैपासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. ते कागद ताईंच्याच टेबलावर होते. काकांनी नेहमीसारखं बोलून पाठवलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं.

त्यांच्या लांबलचक बोलण्यात अर्धं तरी कामाचं असायचं. ते बंद झाल्यावर त्याची किंमत कळली. आणि मला वाटतं, काका दुखावलेही होते. विचारलं तर म्हणाले, "नाय वो, लिवायला सांगलंय तर लिवतूय." एवढंच.

हा निर्णय मागे घ्यायला शेठांना पंधरवडा लागला. ताईंनी स्वतः तसं सुचवलं, हे इथे नोंदवायला हवं. कमीपणा मानला असता तर त्या गप्प राहिल्या असत्या.

दुसरी मांडणी

दुसरी बैठक काकांच्या सोयीने, संध्याकाळी झाली. तिथे आधी एकच काम केलं. कोणती माहिती चुकली किंवा उशिरा आली तर कंटेनर राहतो, ते पाटीवर लिहिलं. पाच गोष्टी निघाल्या: कटऑफ, जहाज किंवा टर्मिनलमधला बदल, गाडी नंबर, सील नंबर, आणि कुठलाही होल्ड.

कंटेनर नंबर यादीत का नाही, असं मी विचारलं. उत्तर ताईंनी दिलं. कंटेनर नंबरचा शेवटचा आकडा आधीच्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून काढलेला असतो. एखादा आकडा चुकला तर बहुतेक वेळा सिस्टिमच पकडते. गाडी नंबर आणि सील नंबर यांना असा राखणदार नाही. चुकीचा नंबरही तितकाच खरा दिसतो.

या पाच गोष्टींसाठी आवडनिवड बाजूला, बाकी सगळं ज्याला जसं जमेल तसं, असं ठरलं. पण तिथेही काकांना लिहायला लावलं नाही. रोज एक जण 'डेस्क' असतो, आलटून पालटून मुलगी आणि आणखी एक सहायक. पाचांपैकी काही असेल तर काका किंवा दादा डेस्कला फोन करतात. डेस्क ते एका ओळीत ग्रुपवर टाकतो: काय बदललं, कंटेनरचे शेवटचे चार आकडे, नवी माहिती, कुणी सांगितलं, किती वाजता. मग ज्याने सांगितलं त्याने आकडे परत म्हणायचे. काकांनी बोलून म्हटलं तरी चालतं. आकडे सुटे सुटे म्हणायचे, जोडीने नाही. त्यानंतर डेस्क उठून ताईंच्या टेबलाशी जातो आणि समोर चिठ्ठी ठेवतो. मोबाइल पालथाच राहतो. अंगठा या पाच गोष्टींना चालत नाही. आणि कटऑफला दोन तासांपेक्षा कमी वेळ असताना काही अडलं, तर डेस्कने शेठांना फोन करायचा. लग्नात असोत नाहीतर झोपेत.

परत म्हणून घेण्याची ही पद्धत विमान वाहतुकीत जुनी आहे. १९७७ च्या मार्च महिन्यात स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणाच्या परवानगीबद्दल दोन्हीकडे वेगवेगळी समजूत झाली, हे त्या अपघाताच्या कारणांपैकी एक. त्यानंतर ठरलेले शब्द आणि निरोप परत म्हणणं यावर जगभर भर आला. कंटेनर राहिला तर कुणाचा जीव जात नाही, पण गोंगाटात फोनवरून आकडे सांगायची अडचण तीच आहे.

मांडणीतला सगळ्यात अवघड भाग शेठांचा निघाला. त्यांनीही ड्रायव्हरला थेट फोन करायचा नाही, डेस्कमार्फत विचारायचं. "माझ्याच गाडीवाल्याला मी फोन करायचा नाही?" असं त्यांनी दोनदा विचारलं. शेवटी तोडगा निघाला, की फोन करा, पण जे ठरेल ते डेस्कला सांगा. बारशाचे फोटो, गुड मॉर्निंग आणि वाढदिवस यांच्यासाठी वेगळा ग्रुप झाला. आता तिथे शेठच सगळ्यांत जास्त बोलतात.

परिणाम

त्यानंतरच्या महिन्यांत निरोप न पोचल्यामुळे कंटेनर राहिलेला नाही. एकदा मात्र थोडक्यात निभावलं. तळोज्याहून निघालेल्या गाडीच्या ड्रायव्हरने सील नंबरचे शेवटचे आकडे हिंदीत "उन्यासी" सांगितले, दादाला ऐकू आलं "नवासी", आणि डेस्कने ८९ लिहिलं. दादाने परत म्हणताना नियमाप्रमाणे ड्रायव्हरला सुटे आकडे विचारले, "सात नौ या आठ नौ?" तेव्हा ७९ निघाले. फॉर्म वेळेत दुरुस्त झाला.

काकांच्या व्हॉइस नोट परत सुरू झाल्या आहेत. मुलगी त्या जेवताना दुप्पट वेगाने ऐकते. ताई अजूनही ऐकत नाहीत. पण दुपारी चारचा फोन त्यांनी आपणहून पुन्हा सुरू केला. मांडणीत तो कुठेच लिहिलेला नाही.

दादा अर्धामुर्धाच बदललाय. गाडी नंबर डेस्कला सांगतो, पण गाडी बंद पडल्याचं अजून खासगीतच कळवतो. शेठ कारण विचारायचं थांबवत नाहीत तोवर तो ग्रुपवर लिहील असं मला वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली बैठक काका असताना घ्यायला हवी होती. ज्याच्या सवयीवर निर्णय होतोय तोच माणूस बंदरात आणि ठरवणारे सगळे एसीत, यामुळे पंधरा दिवस फुकट गेले. त्या बैठकीत "कोण कसं कळवतं" यावर तासभर गेला. "काय कळलंच पाहिजे" हा प्रश्न आला दुसऱ्या बैठकीत, आणि तो आल्यावर उरलेलं अर्ध्या तासात ठरलं. शनिवारी संध्याकाळी पार्टीला कळवायलाही उशीर झाला. कारखान्याच्या डिस्पॅच मॅनेजरला रविवारी सकाळी फोन गेला. त्याचा राग शटआऊटपेक्षा त्या रात्रीच्या शांततेवर जास्त होता, असं शेठ सांगतात.

डेस्कच्या कामाचा विचार मात्र आजही अपुरा आहे. ते करताना दुसरं काही धड होत नाही, चूक झाली तर दिसते आणि सगळं सुरळीत गेलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ऐरोलीची मुलगी एकदा ताईंना म्हणाली, "मी इथे काम शिकायला आले होते ना, की नंबर लिहायला?" तिला कस्टम्सची जी कार्डाची परीक्षा द्यायची आहे. ती परीक्षा पास झालं की कागदांवर सही करता येते आणि या धंद्यात माणसाचं वजन वाढतं. तिने आठवड्यातून तीनच दिवस डेस्क आणि उरलेले दिवस ताईंच्या हाताखाली, असं मागितलंय. ताई तयार आहेत. तिसरा माणूस डेस्कला लागेल, आणि पगारवाढीबरोबर त्याचाही विचार करू असं शेठ म्हणालेत. दिवाळीआधीच्या गर्दीत ते ठरलं नाही, तर ती थांबेल असं ताईंनाही वाटत नाही.